कापड चांगलं निघालं

"आईचं हृदय थकलंय, आता दिवस मोजा," असं डॉक्टरांनी सांगितल्यावर टोफूवाल्या ओकबुनच्या मुलाने, ग्युतेकने, कोरियन रीतीप्रमाणे तागाचं कफन आणून ट्रंकेत ठेवलं.

मग नव्या डॉक्टरीणबाईंनी ओकबुनला गळ्याचा रुमाल सोडायला लावला. गलगंडाच्या जुन्या ऑपरेशनचा व्रण दिसताच त्यांनी रक्त तपासलं. त्या ऑपरेशनात कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी दुखावल्याने कॅल्शियम पार तळाला गेलं होतं, त्यापायीच हृदय खचलं होतं. ते भरून काढल्यावर दोन महिन्यांत ओकबुन पुन्हा टोफू करू लागली.

कफन परत करावं म्हणून ग्युतेकने ट्रंक उघडली, तर ती रिकामी.

"आई, कफन कुठे गेलं?"

 

चुलीपाशी सोयाबीनचा गरम लगदा फडक्यातून पिळत ओकबुन म्हणाली, "हे काय! कापड झकास आणलंस रे मेल्या. दहा वर्षं सहज टोफू गाळीन यातून."