उरलेली गिटार

गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला, तरी शरयू बोलली नव्हती. डॉक्टर म्हणत होते, आता बोलायला लागा. पण आवाज गेलाच असला तर? त्यापेक्षा न कळलेलं बरं, म्हणून ती नुसती मान हलवायची.

रविवारी कॉलेजातले वर्षा आणि उल्हास तिला भेटायला आले. उल्हासनं मोबाइलवर तिघांचा तो आवडता जुना रॉक अल्बम लावला.

"आठवतं का शरे, हे ऐकून तुझे बाबा आतून ओरडले होते, मिक्सरात चमचा राहिलाय का बघा म्हणून?"

शरयू हसली, तेही आवाज न करता.

शेवटचं गाणं आलं. ते त्यांनी पुरतं असं कधी ऐकलंच नव्हतं. उल्हासनं भरून आणलेली कॅसेट साठ मिनिटांची होती. गिटार ऐन भरात आली की टेप संपायची, खट्कन बटण वर यायचं आणि उरलेली गिटार तिघं तोंडानं वाजवायची. सुरुवात शरयूची.

आज मोबाइलमधली गिटार न थांबता पुढे गेली, पण शरयूचं तोंड जुन्या सवयीनं त्याच जागी उघडलं.

"ढ्यँग ढ्यँ ढ्यँऽऽ..."

आवाज घोगरा होता, पण होता. वर्षानं पदर डोळ्यांना लावला.

"बेसूर," उल्हास कसंबसं म्हणाला. "म्हणजे आपलीच शरी."

"गप रे उल्ह्या," शरयू म्हणाली. "आणि वर्षे, चहा तू कर बाई. आठवडाभर ह्यांच्या हातचा पितेय, आणि बोलायची सोय नाही."