खराब स्विच

विनिपेगमध्ये बाहेर उणे पस्तीस होतं आणि घर तापवणारी तळघरातली गॅसची भट्टी पेटून लगेच विझत होती. दुरुस्तीवाला संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. तान्ह्या तारासची बोटं निळसर दिसायला लागली, तसं मला रडूच कोसळलं. माझ्या नवऱ्याने, ओरेस्टने, भट्टीची जाळी साफ केली आणि मग एका बारक्या स्विचवर बोट ठेवलं.

"हा कशासाठी असतो?" मी विचारलं.

"धूर नळीतून बाहेर जात नसेल, तर हा भट्टी विझवतो. खराब झालाय, दुसरं काय. आता परीक्षा घेऊ नका बाईसाहेब, टॉर्च धरा."

त्याने स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या. भट्टी पेटली आणि पेटलेलीच राहिली. तासाभरात घर उबदार झालं, तारास गाढ झोपला. माझं डोकं ठणकत होतं. रडल्यामुळे असेल, असं वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे लॉर्न हातात विजेचा हीटर घेऊन उभे होते.



"सकाळी मी तुमच्या दारातला बर्फ मशीनने उडवला ना, त्यात भिंतीतून बाहेर आलेली तुमची धुराची नळी पार गाडली गेलीये. भट्टी बंद पडली असेल, म्हणून हा आणला. पोरगं गारठलं नाही ना?"