स्वभावाची फाईल

"आठवणी जशाच्या तशा राहतील," केतकी म्हणाली. झोपलेल्या दिगंबररावांच्या कानामागच्या चकतीला तिने वायर जोडली होती. स्ट्रोकनंतर त्यांचा अर्धा मेंदू त्या चकतीवरच चालत होता आणि आज तिचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. "प्रश्न सेटिंगच्या फाईलचा आहे. जुनी ठेवू, की कंपनीची नवी टाकू?"

"जुनीत काय आहे?" यशोधराबाईंनी विचारलं.

"काकांचा स्वभाव."

"मग नवीच टाक."

"जुनीची एक कॉपी तरी बाजूला ठेवते, काकू. आम्ही नेहमी ठेवतो."

"नको. कॉपी असली तर मी उद्या विरघळेन. पूस ती."

केतकीचं बोट क्षणभर घुटमळलं. मग तिने बटण दाबलं.

दिगंबररावांनी डोळे उघडले. कपाळावर एकही आठी नव्हती. यशोधराबाईंनी त्यांच्यापुढे वरणभात ठेवला आणि इतकी वर्षं गिळलेलं विचारून टाकलं. "अहो, सुमाच्या लग्नात मला भरल्या पंगतीतून उठवलंत. आठवतं?"

"आठवतं. वरण खारट होतं. तू खूप रडलीस." हवामान सांगावं तसं ते बोलले.

त्या लग्नानंतर हा माणूस कितीही चिडलेला असला, तरी यशोधराबाई पानावर बसल्याशिवाय घास उचलत नसे. माफी कधी मागितली नाही; नुसता थांबायचा.

यशोधराबाई स्वतःचं ताट वाढून घेऊन आल्या, तेव्हा दिगंबररावांचा निम्मा भात संपला होता.

केतकी वायर गुंडाळत होती.

"खरंच पुसलीस का गं?" त्यांनी हळूच विचारलं.