मत्सराचं माप

सातपूरच्या कारखान्यातलं प्रत्येक नवं एक्स-रे मशीन दवाखान्याकडे रवाना होण्याआधी वृंदा गोसावीच्या छातीवर जुळवलं जाई. या मशीनमध्ये हाडांबरोबर माणसाचा मत्सरही दिसे, आणि वृंदाच्या बरगड्यांमागे थोरल्या जावेबद्दलचा असा पक्का डाग होता की माप त्यावरूनच लावत. आधी वृंदानं मशीनपुढे नारळ फोडायचा आणि मग स्वतः उभं राहायचं, ही तिथली रीतच होती.

त्या सोमवारी इंजिनिअर खांबेटे म्हणाले, “वृंदाताई, आजपासून पॅकिंगमधली सुचिता उभी राहील. तिचा डाग तुमच्याहून ठळक आलाय.”

“कोणावर जळते ती?”

खांबेटे घुटमळले. “तुमच्यावरच. नारळाचा मान तुम्हाला मिळतो म्हणून.”

वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यादेखत सुचितानं नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि हसत प्लेटला छाती लावली. पडद्यावर बरगड्या उमटल्या. त्यांच्यामागे काहीच नव्हतं. हवं ते मिळाल्याबरोबर डाग विरून गेला होता.

खांबेट्यांनी कपाळाला हात लावला. “हिचा काही उपयोग नाही. वृंदाताई, तुम्हीच या.”

वृंदा ताठ मानेनं उभी राहिली. डाग इतका पसरला होता की बरगड्या मोजता येईनात. खांबेटे खूश झाले.

वृंदाचं लक्ष मात्र दाराकडे होतं. सुचिता खोबरं चघळत, गुणगुणत पॅकिंगकडे परत निघाली होती. वृंदाला आता थोरली जाऊ आठवतही नव्हती. तिला हवं होतं ते सुचिताच्या छातीचं कोरं चित्र.