हयातीचा दाखला

मोहने गावातल्या प्रफुल्लने चार महिने आईला, मंजुळाबाईंना, हाताशी धरून तिच्याच बोटांच्या ठशांनी तिचं भिंतीएवढं चित्र केलं. मंजुळाबाई रोज सिमेंट कालवलेल्या ओल्या रंगात बोटं दाबायच्या आणि तो ती थिनरने खसाखसा पुसायचा. "बोटं चुरचुरतात रे," त्या एकदा म्हणाल्या. "आता दोनच दिवस गं आई," म्हणत त्याने आणखी महिना काढला. ठाण्याच्या प्रदर्शनात त्या हजारो ठशांपुढे अनोळखी माणसांचे डोळे भरून आले. "बाई समोर उभ्या आहेत असंच वाटतं," लोक म्हणाले.

सोमवारी तो आईला घेऊन पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला कल्याणला गेला. मशीनवर दहाही बोटं ठेवून झाली, पुसून पुन्हा ठेवून झाली.

"मावशी, बोटं पार गुळगुळीत झालीत तुमची," खिडकीतला माणूस वैतागला. "ठसा आल्याशिवाय तुम्ही जिवंत आहात हे मशीन मानणार नाही."

प्रफुल्ल आईची बोटं आपल्या रुमालाने पुन्हा पुसू लागला. मंजुळाबाईंनी मात्र कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं.

"अहो साहेब, माझे सगळे ठसे याच्या चित्रात लागलेत. ते चालत असतील तर आणून देईल हा."