एक लांब भोंगा

बंद खाणीखालची लाल माती हातभर सरकली, आणि ज्ञानूनं शाळेच्या ओसरीवरून भोंगा दिला. तीन तुटक भोंगे. ओढ्यापलीकडं डोंगराच्या पायथ्याला अकरा घरं. त्यातलं चौथं त्याच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. भोंगा झाला की घर सोडून ओढ्यावरच्या साकवावरून शाळेत यायचं, असं ठरलं होतं.

लोक पळाले, पण घरात. शेतातली माणसंसुद्धा धावत आली, शेरडं आत ओढली आणि दारं लावून घेतली.



"काका, ही आत का जायल्यात?" अंगणवाडीची सेविका क्रांती किंचाळली.

ज्ञानूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर बॉक्साइटची खाण होती तेव्हा अठरा वर्षं सुरुंगाचा भोंगा त्यानंच दिला होता. तीन तुटक म्हणजे दगड उडणार, घरात शिरा. ही सवय त्यानंच लावलेली. उन्हाळ्यात घरं सोडायची रंगीत तालीम झाली खरी, पण तालुक्याचे साहेब येणार म्हणून सगळे भोंग्याआधीच धुतल्या कपड्यांत रस्त्यावर उभे! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं ती मारायलाच निघाली होती.

"आरं, भाईर या की!" पावसात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. मोबाईलला रेंज नव्हती. वर एक फणसाचं झाड उभंच्या उभं खाली सरकलं.

"मी पळत जाऊ काय?" क्रांती म्हणाली.

"मरशील. थांब."

एक लांब भोंगा म्हणजे सुरुंग उडाला, धोका टळला, बाहेर या. खाणीचा साहेब कितीही घाईला येवो, स्वतः वर जाऊन बघितल्याशिवाय ज्ञानूनं तो कधी दिला नव्हता. आता त्यानं भोंग्याचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

दारं उघडली. माणसं निवांत अंगणात आली. कुणीतरी वर पाहिलं, आणि जी बोंब उठली ती ओढ्याच्या अलीकडंही ऐकू आली. सगळे साकवाकडं धावले.

डोंगर आला तेव्हा अकराही घरं रिकामी होती.

अक्का चिखलानं माखून ओसरीवर धापा टाकत होती. ज्ञानू तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडत होता. तिनं त्याच्या टकलावर हात ठेवला.

"ज्ञानू, एवढ्या वर्षात पयल्यांदाच खोटा भोंगा दिलास की रं."