टायमरवरचा आळ

"घड्याळ तुमचं, आरसाही तुमचाच," साईनाथ देवधर म्हणाले. "खोटं कोण बोलतंय तेवढं सांगा, म्हणजे मी निघतो."

वारज्यातल्या त्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत चहा तसाच निवत पडला होता. देवधरांचा कारखाना पेशंटच्या उशाशी ठेवायचे मॉनिटर बनवायचा आणि त्यातलं सॉफ्टवेअर या कंपनीचं होतं. चाचणीत ते मॉनिटर मधेच थिजायला लागले होते. हृदयाची रेघ क्षणभर थांबायची आणि पुन्हा धावायची. अजून एकही मशीन हॉस्पिटलात गेलं नव्हतं, हेच नशीब.

भिंतीवरच्या पडद्यावर 'दर्पण' चालू होतं. मशीनच्या आत काय चाललंय ते दाखवणारा हा प्रोग्रॅम कंपनीचे मालक जयसिंग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. "बाहेरून आणलेला नाही. इथं, वारज्यात लिहिलाय!" वडिलोपार्जित जमीन विकून त्यांनी कंपनी उभी केली होती. दर्पणचं नाव निघालं की त्यांचाच काय, तिथल्या इंजिनिअर आम्रपालीचाही ऊर भरून यायचा.

प्रोसेसर कामात असताना मशीनचा एखादा भाग त्याला हाक मारतो, 'माझ्याकडे बघ.' ती हाक म्हणजे इंटरप्ट. कोण किती वेळा हाक मारतंय ते दर्पण नावानिशी दाखवायचं. आणि महिनाभर ते एकच नाव दाखवत होतं: टायमर, म्हणजे मशीनच्या आतलं घड्याळ. ठरावीक ठेक्यात हाक मारायची सोडून टायमर नुसता आरडाओरडा करत होता आणि त्याला ओ देता देता प्रोसेसरला रेघ काढायला वेळ उरत नव्हता.

टायमरचा कोड टीममधल्या राकेशचा. त्याची नोकरी आज जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

तपास आम्रपालीकडे होता. ही ऑर्डर पक्की झाली की ती टीमची प्रमुख होणार होती. सकाळी तिने राकेशला गाठून सांगितलं, "तुझा कोड स्वच्छ आहे. चूक दर्पणची आहे."

राकेशचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "ताई, दर्पणवर बोट ठेवणार तुम्ही? सरांसमोर? नका ठेवू. मला मिळेल दुसरीकडे काहीतरी."

"येरवड्याला घरी गेल्यावर आईला काय सांगशील? मुलाने घड्याळ बिघडवलं म्हणून?"



आता देवधरांसमोर ती उठून टेबलावर चाचणीला ठेवलेल्या मशीनपाशी गेली. "साहेब, पडद्याकडे बघा." टायमरपुढचा आकडा भरभर पळत होता. तिने नेटवर्क कार्डाची वायर उपसली. आकडा एकदम शांत झाला आणि संथ, एकसारखा चालू लागला. तिने वायर पुन्हा लावली. आकडा उधळला.

"म्हणजे?" देवधर पुढे वाकले.

"या मशीनमध्ये टायमर आणि नेटवर्क कार्ड एकाच लाइनवरून हाक मारतात. एका लाइनवर दोन नावं असू शकतात, हे दर्पण लिहिताना लक्षातच घेतलं नाही. ते पहिलं नाव दाखवतं आणि दुसरं गिळतं. गोंधळ कार्डाचा होता, आळ टायमरवर आला. कार्ड बदला, मशीन थिजणार नाही. राकेशच्या कोडला हात लावायची गरज नाही."

राकेशने मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते.

देवधरांनी स्वतः वायर काढून बघितली, लावून बघितली. मग चष्मा पुसत म्हणाले, "छान. म्हणजे महिनाभर आम्ही सज्जनाला चोर समजत होतो. ऑर्डर राहील तुमच्याकडे. एका अटीवर. हे दर्पण ज्याने लिहिलं, तो माझ्या मशीनच्या आसपास दिसता कामा नये. नाव सांगा."

जयसिंगांच्या कपाळावर घाम आला होता.

"नाव कशाला पायजे?" ते म्हणाले. चिडले की त्यांची शहरी भाषा गळून पडायची. "कंपनी माझी हाय. चूक माझ्या नावावर लिवा."

"मालकाचं नाव मला ठाऊक आहे. लिहिणाऱ्याचं विचारतोय."

राकेश झटक्यात उठला. आम्रपालीने हातानेच त्याला खाली बसवलं.

"सर, नाव सांगायलाच हवं," ती जयसिंगांना म्हणाली. "खरं नाव झाकलं गेलं म्हणूनच याची नोकरी जात होती."

"आम्रपाली, बस खाली," जयसिंग कळवळून म्हणाले.

ती बसली नाही. उलट पदर सारखा करून ताठ उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात देवधरांना म्हणाली,

"लिहून घ्या. आम्रपाली सुखदेव साळवे."